राजाची पुतणी, सरदाराची सून

आज आम्ही तुम्हांला युरोपातल्या एका राजकन्येची हकिकत सांगणार आहोत.

तिचे नाव लुईझा. जर्मन लोकांचे प्रशिया नावाचे राज्य होते. तिथल्या राजघराण्यात १७७० साली ती जन्मली. राजा फ्रेडरिक तिचा सख्खा चुलता.

शेजारी पोलंड देश होता. १७९५ साली प्रशिया, रशिया आणि ऑस्ट्रिया यांनी तो पुरता वाटून घेतला. पुढच्याच वर्षी लुईझाने लग्न केले, ते एका पोलिश सरदाराशी! त्याचे नाव अंतोनी राजिविल. घराणे मोठे, जमीनजुमला पुष्कळ. पण राजगादी नव्हती.

त्यांची मुलगी एलिझा. प्रशियाचा राजपुत्र विल्हेल्म याचे तिच्यावर मन बसले. पण दरबार म्हणाला, मुलगी आपल्या बरोबरीची नाही. आता बघा! आई त्याच राजघराण्यातली. पण बाप सरदार, म्हणून लेक कमी ठरली. विल्हेल्मचा बाप राजा होता. १८२६ साली त्याने या लग्नाला कायमची मनाई केली. एलिझाचे लग्न झालेच नाही. १८३४ साली ती क्षयाने वारली.

अंतोनी पोझनान प्रांताचा कारभार पाहत असे. त्या शहरात लुईझाने १८३० साली मुलींची शाळा काढली. १८३६ साली तीही गेली. विल्हेल्म मात्र १८७१ साली जर्मनीचा बादशहा झाला.

मंडळी, एवढी मोठी माणसे. पण कुळाच्या तराजूपुढे त्यांचेही काही चालले नाही. तराजूत तोलले कुळ, आणि होरपळली ती पोर. म्हणून आम्ही म्हणतो, सोयरीक जुळवताना कूळ विचारण्याआधी पोरीचे मन विचारा.