समुद्रापलीकडचे लग्न



बैरूतहून विमानाने तासाभराच्या आत सायप्रस बेट गाठता येते. लेबनॉनमधील ज्या तरुण-तरुणींचे धर्म भिन्न आहेत किंवा ज्यांना धर्मगुरूंविना विवाह करावयाचा आहे, ती या बेटावर जाऊन नागरी पद्धतीने विवाहबद्ध होतात. परत आल्यावर त्यांचे सरकार त्या विवाहाची नोंद मुकाट्याने करून घेते. मात्र तोच विवाह बैरूतच्या कचेरीत लावून देण्याची त्या सरकारची तयारी नाही. साहजिकच ज्याच्यापाशी प्रवासखर्च आहे, त्याला सद्सद्विवेकाचे स्वातंत्र्य आहे. ज्याच्यापाशी तो नाही, त्याने आपल्या पंथाच्या चौकटीत निमूटपणे राहावे, असा हा न्याय आहे.

या विसंगतीचे मूळ फ्रेंच अमदानीत, १९३६ च्या फर्मानात आहे. लेबनॉनमध्ये मान्यताप्राप्त पंथ १८ आणि व्यक्तिगत कायदे १५. विवाह, घटस्फोट, मुलांचा ताबा या साऱ्यांचा निवाडा धार्मिक न्यायालये करतात. भारतात १९५४ च्या विशेष विवाह कायद्याची वाट निष्कंटक नाही, पण वाट तरी आहे. तेथे तीही नाही. १९९८ मध्ये राष्ट्राध्यक्ष इलियास ह्रावी यांनी ऐच्छिक नागरी विवाहाचा मसुदा मांडला. मंत्रिमंडळाने तो संमतही केला. परंतु पंतप्रधान रफिक हरीरी यांनी तो पुढे जाऊ दिला नाही. १९७५ पासून १९९० पर्यंत यादवी युद्धाने ज्या समाजांना परस्परांविरुद्ध उभे केले होते, त्यांचे मुस्लिम आणि ख्रिस्ती धर्मगुरू या मसुद्याच्या विरोधात मात्र एकत्र आले!

सत्ताधाऱ्यांनी जो प्रश्न दाराबाहेर ठेवला, तो दहा वर्षांनी गाण्यातून आत आला. २००८ मध्ये बैरूतच्या अमेरिकन विद्यापीठातील काही विद्यार्थ्यांनी ‘मशरू लैला’ हा वाद्यवृंद उभारला. हामेद सिन्नो त्याचा मुख्य गायक. २००९ च्या पहिल्याच संग्रहात ‘फसातीन’, म्हणजे ‘पोशाख’, हे गाणे आहे. पैसा नसताना, घर नसताना, धर्म निराळा असतानाही लग्नाचे दिलेले वचन त्यात एक प्रियकर आपल्या प्रेयसीला आठवून देतो. ‘शिम अल् यास्मीन’ या दुसऱ्या गाण्यात एक पुरुष आपल्या प्रियकराचा निरोप घेतो. त्याला घरच्यांसमोर न्यावे, त्याचे घर सांभाळावे, एवढीच त्याची साधी इच्छा होती. दोन्ही गाण्यांत घोषणा नाही. विवाह ही दोन माणसांची गोष्ट की दोन कुळांची आणि पंथांची, एवढाच प्रश्न आहे. तो सामान्य माणसांच्या बोलीभाषेत विचारला गेला, म्हणूनच तो झोंबला.

त्याची किंमतही मोजावी लागली. २०१९ च्या उन्हाळ्यात बिब्लोस येथील महोत्सवातील कार्यक्रम चर्चच्या आक्षेपांनंतर आणि धमक्यांनंतर आयोजकांनी रद्द केला; रक्तपात टाळण्यासाठी, असे कारण त्यांनी दिले. २०२२ मध्ये हा वाद्यवृंद विसर्जित झाल्याचे जाहीर झाले.

काही पुरोगामी मंडळी म्हणतील, ज्या देशाचे चलन कोसळले, बँकांनी ठेवी अडकवून ठेवल्या, तेथे लग्नाचा प्रश्न आधी की भाकरीचा? पण हे दोन प्रश्न वेगळे नाहीत. ज्याचे लग्न पंथाच्या दारात लागते, त्याला नोकरी, रुग्णालयातील खाट आणि शाळेतील जागा यांसाठीही बहुधा पंथाच्या पुढाऱ्याचेच दार ठोठवावे लागते. पंथनिहाय वाटून घेतलेली सत्ता अशा अवलंबनावरच पोसली जाते. म्हणूनच २०१९ च्या ऑक्टोबरमध्ये रस्त्यावर उतरलेल्या जनसमुदायाने कोणा एका पुढाऱ्याला नव्हे, तर सर्वच पुढाऱ्यांना नाकारले, आणि त्यांच्यापैकी अनेकांनी पंथातीत राज्याची मागणी केली.

गाण्याने कायदा बदलत नाही, हे खरेच. २०१२ मध्ये एका जोडप्याने आपल्या नोंदीतून पंथाचा उल्लेख काढून मायदेशातच नागरी विवाह केला. सरकारने तो नोंदवलाही. पण त्यातून राजमार्ग झाला नाही. तरीही जे कालपर्यंत नियतीसारखे अटळ वाटत होते, ते माणसांनीच केलेले फर्मान आहे, ही जाणीव ज्या पिढीला झाली, तिला पुन्हा अज्ञानात लोटता येत नाही. वाद्ये थांबली आहेत. सायप्रसची विमाने अजून भरून जात आहेत. ती रिकामी जाऊ लागतील, त्या दिवशी त्या गाण्यांना उत्तर मिळालेले असेल.