जनसुरक्षा विधेयक आपल्या दारीं

(लातूर-नांदेडच्या शिवेवरील एका गांवीं शेतकरी व कारागीर मंडळींपुढें झालेलें भाषण)



मी वकील नाहीं. पण आपल्याला लागू व्हायचा कायदा दुसऱ्यानें वाचावा नि आपण नुसती मान डोलवावी, ही जुनी खोड आपल्याला फार महाग पडली आहे. तलाठ्याच्या दप्तरांत काय लिहिलें तें जमीन गेल्यावर कळतें, तसेंच हें.

10 जुलै 2025 रोजीं विधानसभेनें महाराष्ट्र विशेष जनसुरक्षा विधेयक आवाजी मतानें मंजूर केलें. दुसऱ्या दिवशीं विधानपरिषदेनें. सरकारचें म्हणणें असें कीं, शहरांत राहून नक्षलवाद्यांना पैसा व आसरा पुरवणाऱ्या संघटनांसाठीं तें आहे. गडचिरोलींत पोलिसांचीं नि आदिवासींचीं पोरें मेलीं, हें खोटें नाहीं. त्यांची दाद लागलीच पाहिजे. पण त्यासाठीं यूएपीए नि मकोका होतेच कीं!

नवें काय तें ऐका. सरकार एखादी संघटना बेकायदा ठरवील. मग तिच्या सभासदाला 3 वर्षांपर्यंत कैद व 3 लाखांपर्यंत दंड. सभासद नसून मदत केली, वर्गणी दिली, तर 2 वर्षें व 2 लाख. बेकायदा कृत्याला 7 वर्षें व 5 लाख. गुन्हा बिनजामिनी. आतां बेकायदा कृत्य म्हणजे काय? बंदूक नि स्फोटकें त्यांत आहेतच. पण सार्वजनिक सुव्यवस्थेला बाध आणण्याकडे ज्याचा कल तें कृत्य, आणि कायदा मोडा असा उपदेश, हेंही आहे. शक्तिपीठ महामार्गाची मोजणी अडवायला बांधावर बसलेली आपली बाई यांत बसते कीं नाहीं? आंदोलन करणाऱ्यांवर हा कायदा वापरणार नाहीं, अशी ग्वाही मुख्यमंत्र्यांनीं दिली. बरें झालें. पण ग्वाही देणारा पांच वर्षांनीं बदलतो, कलम तसेंच राहतें.

आपल्या मुलखाला ही गोष्ट नवी नाहीं. 1938 सालीं हैदराबाद स्टेट काँग्रेस रीतसर स्थापनही झाली नव्हती, तोंच निजाम सरकारनें ती बेकायदा ठरवली. बंदी उठली 1946 सालीं. मधल्या आठ वर्षांत सत्याग्रह्याला भाकर देणारी म्हातारी कोणाच्या यादींत गेली असेल, तुम्हीच सांगा.

तरी बोलून कांहीं होत नाहीं असें म्हणूं नका. 2024 सालीं विधेयक आलें तेव्हां त्यांत 'व्यक्ति आणि संघटना' असें मोघम होतें. पुढें संयुक्त समितीकडे 12 हजारांहून अधिक सूचना गेल्या. मग उद्देशांत 'कडव्या डाव्या विचारसरणीच्या वा तत्सम संघटना' असें आलें, सल्लागार मंडळावर हायकोर्टाचा जज्ज अध्यक्ष आला, तपास फौजदाराऐवजीं डी.वाय.एस.पी.कडे गेला. 'तत्सम' हा शब्द मात्र तेवढा मला अजून टोंचतो.

आतां इतकेंच करा. वर्गणीची पावती फाडतांना पैसा कशासाठीं तें तिच्यावर लिहा. सभेचा ठराव वहींत उतरवा, खालीं सह्या-अंगठे घ्या. विधेयकाची मराठी प्रत मी आणली आहे. ती उद्यां सकाळीं सुतारमेटावर ठेवतों. व्याख्येचें कलम शाळेंतल्या पोरीनें मोठ्यानें वाचावें, आणि जिथें शब्द अडेल तिथें थांबून विचारावें.