लघवीची नळी घेऊन घरी आलेला माणूस
(प्रभागसंघाच्या मासिक सभेत केलेले बोलणे)



विषय ऐकून मागच्या रांगेत कुजबुज सुरू झालीय, ते दिसतंय मला. पण प्रोस्टेट वाढलं, मणक्याला मार बसला, की घरातला पुरुष कधी कधी लघवीची नळी, म्हणजे कॅथेटर, घेऊनच दवाखान्यातून येतो. मग ते बघायचं कुणी? आपणच. सासरे असले तर सूनही अवघडते आणि तेही. म्हणून आधी हे सांगते, त्यांचे हात चालत असतील तर धुण्या-पुसण्याचं त्यांनाच शिकवा.

नळीच्या आतल्या टोकाला पाण्याने फुगवलेला छोटा फुगा असतो, त्यावर ती मूत्राशयात अडकून राहते. ओढली गेली तर आत जखम होते. म्हणून नळी थोडी सैल ठेवून मांडीला चिकटपट्टीने लावा.

पिशवी कायम ओटीपोटाच्या खाली हवी. वर गेली की लघवी माघारी फिरते आणि जंतुसंसर्ग होतो. आपल्याकडे घोळ होतो तो इथंच. एसटीत माणूस लाजेनं पिशवी टॉवेलाखाली मांडीवर घेऊन बसतो. घरी अंथरूण जमिनीवर, पिशवीही शेजारी जमिनीवर. खाट नसेल तर शेजारून मागून आणा. पिशवी खाटेच्या कडेला टांगा, जमिनीला टेकू देऊ नका.

पिशवी अर्ध्याच्या वर गेली की रिकामी करायची. आधी आणि नंतर साबणाने हात धुवायचे. खालची तोटी भांड्याला टेकवायची नाही.

रोज अंघोळीच्या वेळी नळी बाहेर येते ती जागा साबण-पाण्याने धुवा. पुढची कातडी मागे सारून धुवायची आणि आठवणीने परत पुढे आणायची. हसू नका गं, मागेच राहिली तर सूज येऊन अडकते, मग दवाखान्यातच पळावं लागतं. तेल, पावडर, हळद काही लावू नका.

पिशवी सारखी भरते म्हणून पाणी तोडू नका. डॉक्टरांनी मना केलं नसेल तर भरपूर पाजा. शौचाला खडा झाला तरी लघवी अडते, बाजूने गळते.

लघवी येईना तर आधी नळीला पीळ पडलाय का, ती अंगाखाली दबलीय का, ते बघा. तरी येईना, पोट तटतटलंय, थंडी वाजून ताप आलाय किंवा रक्ताच्या गाठी पडतायत, तर सकाळची वाट बघू नका. 108 ला फोन करा. नळी घरी ओढून काढायची नाही, कुणी कितीही सांगू दे. आणि ती बदलायची तारीख सुट्टी होतानाच कागदावर लिहून घ्या.