एक खिडकी, अनेक पाने

नवशिक्या प्रोग्रॅमरचे पहिले यश म्हणजे बहुधा एक छोटीशी खिडकी असते. संगणकाच्या पडद्यावर चौकट उमटते, तिच्यातले बटन दाबताच चार अक्षरे दिसतात, आणि पुढची हौस जागी होते. एकाच खिडकीत अनेक पाने असावीत, वर त्यांच्या नावांच्या पट्ट्या असाव्यात आणि पट्टीवर टिचकी मारताच ते पान पुढे यावे, असे त्यास वाटू लागते. या पट्ट्यांना टॅब म्हणतात. पत्त्यांच्या वहीला कडेने अक्षरांच्या खाचा असतात, त्याच जातीची ही सोय होय.

उदाहरणार्थ, एका लहान वाचनालयाचा प्रोग्रॅम घ्यावा. त्यात पुस्तके, सभासद आणि देवघेव अशी तीन पाने. भाषा पायथॉन आणि खिडक्या उभारण्याचे साधन टिकिंटर. टिकिंटर ज्या टीके या संचावर उभे आहे, तो जॉन औस्टरहाउट यांनी बर्कले येथे रचला. टॅब देणारा ‘नोटबुक’ हा घटक त्या संचात 2007 सालच्या 8.5 या आवृत्तीपासून अंगभूत आहे.

आरंभी सारे काही एकाच क्लासमध्ये लिहिले जाते, आणि ते चालतेही. पण प्रोग्रॅम वाढला की सभासदांच्या पानावर केलेली दुरुस्ती पुस्तकांच्या पानास बाधते. तेव्हा प्रत्येक पानाचा वेगळा क्लास करणे भाग पडते. क्लास म्हणजे आराखडा, आणि त्यावरून घडविलेली वस्तू म्हणजे ऑब्जेक्ट. ओस्लो येथे ओले-योहान डाल आणि क्रिस्टन न्यूगार्ड यांनी ‘सिम्युला 67’ या भाषेत ही कल्पना प्रथम साकार केली.

खरी अडचण येथूनच सुरू होते. तिन्ही क्लास सुटे सुटे तपासताना प्रत्येकात मुख्य खिडकी उघडण्याची आज्ञा लिहिलेली असते. ते एकत्र आणताच एका खिडकीत तीन पाने येण्याऐवजी तीन खिडक्या उघडतात, आणि एकीतले बदल दुसरीस कळत नाहीत. याचे कारण साधे आहे. पानाने स्वतः खिडकी होऊ नये, त्याने केवळ चौकट, म्हणजे फ्रेम व्हावे. खिडकी एकच असावी आणि ती मुख्य भागाने उघडावी. त्यानेच नोटबुक मांडावे, प्रत्येक पान घडविताना ‘हा तुझा आधार’ म्हणून ते नोटबुक त्याच्या हाती द्यावे, आणि मग नावासह ते पान त्यात जोडावे.

दुसरी अडचण याहून सूक्ष्म आहे. देवघेवीच्या पानास पुस्तक शिल्लक आहे की नाही, हे कळावयास हवे. यास्तव ते पुस्तकांच्या पानात थेट हात घालू लागले, तर त्या पानाची मांडणी बदलताच देवघेव बंद पडते. उलट दोन्ही पानांनी आपापली यादी ठेवली, तर एकीत पुस्तक बाहेर गेलेले आणि दुसरीत कपाटात, असे होते. मग एकच पुस्तक दोन सभासदांना कबूल केले जाते आणि ओशाळण्याची पाळी ग्रंथपालावर येते.

यावर उपाय म्हणजे पडद्यावर न दिसणारा चौथा क्लास, अर्थात वाचनालयाचे दप्तर. तिन्ही पानांच्या हाती तेच एक दप्तर द्यावे. पुस्तक द्यावयाचे तर देवघेवीच्या पानाने दप्तरास सांगावे, आणि नोंद दप्तराने करावी. कोणतेही पान पुढे येताच नोटबुक तशी वर्दी देते. ती मिळताच त्या पानाने दप्तर पाहून आपली यादी नव्याने लिहावी. डेव्हिड पार्नास यांनी 1972 सालच्या एका निबंधात हेच तत्त्व मांडले होते. प्रोग्रॅमचे भाग पाडावयाचे ते केवळ कामाच्या क्रमाने नव्हे. जो निर्णय पुढे बदलण्याचा संभव आहे, तो एकाच भागाच्या पोटात राहावा, अशा बेताने ते पाडावेत.

म्हणून शिकणाऱ्याने प्रथम तीन कोरी पाने जोडून ती नीट पालटतात ना, एवढेच पाहावे. मग दप्तर खिडकीवाचून तपासावे आणि त्यानंतरच पाने भरावीत. वेगळे क्लास लिहिणे फारसे अवघड नाही. कोणी कोणाचे किती जाणावे, हे आधी ठरविणे मात्र अवघड आहे, आणि तेच या विद्येचे मर्म होय.