किनाऱ्यावर आधी कोण उतरतं?

(अकोल्यात तरुणांपुढे केलेलं भाषण)



अकोल्यात समुद्र नाही. मोर्णा आहे, तीही उन्हाळ्यात आटते. मग हा पोट्टा आमाले समुद्रावरची लढाई कायले सांगून राह्यला, असं तुम्ही म्हणाल. अकोला-अमरावतीचा कापूस गाठी बांधून ज्या वाटेनं मुंबई बंदरात गेला, त्याच वाटेनं मी गेलो. मॅट्रिक झालो, गोदीत लागलो. दिवसा माल चढवतो-उतरवतो, रात्री कविता लिहितो.

याच मुंबईहून १६ ऑक्टोबर १९१४ ला जहाजं निघाली. आठेक हजारांची फौज. जायचं होतं पूर्व आफ्रिकेत, जर्मनांच्या टांगा बंदरावर. जनरल एटकन साहेबाला वाटलं, समोर काळे आफ्रिकी शिपाई, त्यांची काय बिशाद! समुद्र लागून ओकून ओकून अर्धमेले झालेले शिपाई २ नोव्हेंबरच्या रात्रीपासून किनाऱ्यावर उतरवले. समोर रान, दलदल. पहाडी तोफा खाली उतरल्याच नाहीत, जहाजाच्या डेकवरूनच उडवल्या. ४ तारखेला मोठा हल्ला झाला. समोर जेमतेम हजार माणसं, बहुतेक आफ्रिकी अस्करी. वरून झाडावरच्या मधमाश्या उठल्या. ५ तारखेला फौज परत जहाजात. आठशेच्या वर माणसं मेली, जखमी झाली, हरवली. किनाऱ्यावर शेकडो रायफली, १६ मशीनगन आणि सहा लाख काडतुसं टाकून आले.

ती काडतुसं मुंबईत कुणी पाठीवर वाहिली असतील? माझ्यासारख्यानंच. त्याचं नाव कुठंच नाही.

आणि दोष कुणाचा निघाला? शिपायाचा! म्हणे, हे लढाऊ जातीचे नाहीत. काही पलटणी मोडून पळाल्या हे खरं आहे, मी लपवत नाही. पण १०१ ग्रेनेडियर्स आणि काश्मीर रायफल्स जागेवर लढल्या, हेही खरं आहे. योजना कुणाची होती, ते आधी विचारा.

हे मला पुस्तकानं शिकवलं नाही. एकदा आमच्या पाळीला स्लिंग तुटली. ती झिजलीय, असं आम्ही सकाळीच सांगितलं होतं. माझ्या जोडीदाराचा पाय चेंगरला. मुकादम म्हणाला, "तुम्हा लोकांना कामच जमत नाही." तुम्हा लोकांना! त्या दिवशी मला टांगा कळलं.

आता आपलं बघा. १८५६ च्या डिसेंबरात बॉम्बे आर्मी इराणात बुशहरजवळ हलीला उपसागरात उतरली. त्या आर्मीत महार शिपाई होते. तेव्हा आपण चाललो. पुढं साहेबानं जातींची यादी काढली आणि १८९२ च्या सुमारास आपली भरती बंद केली. गोपाळबाबा वलंगकर स्वतः फौजेतले पेन्शनर. त्यांनी १८९४ साली अर्ज लिहिला. साहेब हलला नाही. १९१७ साली माणसं कमी पडली तेव्हा १११ महार पलटण उभी केली. लढाई संपली, १९२१ साली मोडली. पुन्हा दुसरं महायुद्ध पेटलं, तेव्हा १९४१ साली महार रेजिमेंट.

म्हणजे जातीत शौर्य कमी-जास्त होत नव्हतं, भावांनो. साहेबाची गरज कमी-जास्त होत होती. ज्या मापानं त्यानं आपल्याला बाहेर काढलं, त्याच मापानं टांग्याच्या शिपायाला नालायक ठरवलं. आणि ज्या अस्करीला त्यानं माणसात मोजलं नाही, त्यानंच त्याला समुद्रात परत ढकललं.

पूर्वजांच्या शौर्याचा मला अभिमान आहे. पण साहेबाचं सर्टिफिकेट छातीवर लावून मी फिरणार नाही. पाण्यात आधी आपण उतरायचं, ओझं आपण वाहायचं, अन् हरल्यावर दोषही आपला? बस झालं बाप्पा. यापुढं कोणी तुम्हाले म्हणालं, उतर, तर आधी विचारा: हा नकाशा कोनं काढला?