सोळा अधिक तीस म्हणजे शेहेचाळीसच
(लोको रनिंग कर्मचाऱ्यांच्या मेळाव्यातील भाषण)



विश्रांतीचा प्रश्न हा दयेचा नव्हे, हिशेबाचा प्रश्न आहे. तो हिशेब प्रथम नीट मांडला पाहिजे.

आठ तास वा अधिक काम करून मुख्यालयी परतलेल्या चालकास १६ तासांची विश्रांती मिळते. ही रोजची विश्रांती. त्याखेरीज २००५ च्या नियमांनुसार महिन्यातून चार वेळा ३० तासांची किंवा पाच वेळा २२ तासांची नियतकालिक विश्रांती ठरलेली आहे. ही त्याची साप्ताहिक सुटी. परंतु प्रशासन पहिली विश्रांती दुसरीच्या पोटात घालते.

सोमवारी सकाळी ८ वाजता भुसावळला गाडीवरून उतरलेला चालक पाहा. मध्यरात्रीपर्यंतची विश्रांती त्याच्या रोजच्या हक्काची आहे. मंगळवारी दुपारी २ वाजता ३० तास भरतात व तो पुन्हा कामावर बोलावला जातो. म्हणजे आठवड्याची सुटी उरली फक्त १४ तासांची! शनिवारी संध्याकाळी ६ ला कचेरी सोडून सोमवारी सकाळी १० ला परतणाऱ्या कारकुनास ४० तास मिळतात. १६ अधिक ३० असे ४६ तास धरले, तर आपला चालक बुधवारी सकाळी ६ वाजता हजर होईल. आपली मागणी एवढीच आहे.

मेल-एक्स्प्रेसच्या चालकास निदान ठरलेली लिंक असते. मालगाडीच्या चालकास मात्र केव्हा बोलावणे येईल हे ठाऊक नसते. पहाटे २ ते ५ या वेळात शरीर झोप मागते. नेमक्या त्याच वेळी त्याने प्रत्येक सिग्नल अचूक वाचावयाचा असतो. म्हणून त्याची झोप ही प्रवाशांच्या सुरक्षिततेचीही बाब आहे.

माणसे अपुरी आहेत, असे प्रशासन सांगते. मग रिक्त जागा भराव्यात. ती तूट कामगाराच्या झोपेतून का भरून काढावी?

साथींनो, कोणतीही सवलत आपणहून मिळालेली नाही. ऑगस्ट १९७३ च्या लढ्यानंतरच हजेरीपासून सुटीपर्यंत १० तासांच्या कामाचे आश्वासन संसदेत द्यावे लागले. मे १९७४ च्या संपात आठ तासांच्या दिवसाची मागणी अग्रभागी होती. जून २०२४ मध्ये केरळातील चालकांनी गाड्या न अडवता, ४६ तास पूर्ण झाल्यावरच हजर होण्याचा मार्ग पत्करला.

प्रत्येक रनिंग रूममध्ये हा हिशेब पोचवा. प्रत्येकाने आपल्या विश्रांतीची नोंद स्वतः ठेवावी. आकडे आपल्या बाजूचे आहेत. त्यांच्यामागे संघटित शक्ती उभी करणे हे आपले कार्य आहे.