वडीलधाऱ्यांचें ताट
(धर्मग्रामाच्या सुवर्णमहोत्सवानिमित्त कुटुंबांच्या सभेंत केलेलें भाषण)



या महोत्सवांत आपण वडीलधाऱ्या मंडळींस शाली पांघरविल्या, त्यांचीं छायाचित्रें काढविलीं. तें योग्यच झालें. परंतु त्यांच्या पुढ्यांत दोन वेळां येणाऱ्या ताटाकडे आपण कितीसें पाहतों, हा प्रश्न आज आम्ही विचारणार आहों. आणि तो प्रथम आम्हांसच लागू आहे.

कांहीं वर्षांपूर्वीं उपवासकाळाच्या आरंभीं आम्हीं मिस्सेच्या प्रवचनांत पंचाहत्तरी ओलांडलेल्या एका मातेच्या कडक उपवासाची वाखाणणी केली. ती एक वेळच जेवत असे. पास्काच्या सणापूर्वींच घेरी येऊन ती न्हाणींत पडली व तिच्या खुब्याचें हाड मोडलें. ख्रिस्तशरीर घेऊन आम्ही तिच्या खाटेपाशीं गेलों, तेव्हां ती म्हणाली, "फादर, तुम्हीं सर्वांदेखत वाखाणलें, मग मी उपवास सोडूं कशी?" मान खालीं घालण्यावांचून आम्हांस उत्तर नव्हतें.

१९८३ सालच्या ख्रिस्तसभेच्या कायदेसंहितेप्रमाणें वयाचीं ५९ वर्षें पुरीं होतांच उपवासाचें बंधन संपतें. ख्रिस्तशरीर स्वीकारण्यापूर्वींचा एक तासाचा उपवासहि वृद्धांवर व आजाऱ्यांवर बंधनकारक नाहीं. मांसवर्ज्याचा नियम राहतो, पण अंडीं व मासळी त्यांत येत नाहींत. सेमिनरींत हें सारें आम्हीं शिकलों होतों. घरोघरीं सांगावयाचें मात्र राहून गेलें.

"म्हाताऱ्या माणसाला लागतें किती?" असें आपण सहज म्हणतों. भूक कमी होते हें खरें. परंतु झिजत्या स्नायूंस प्रथिनें कमी लागत नाहींत. दर किलो वजनामागें रोज निदान १ ग्रॅम प्रथिन हवें, असें तज्ज्ञ सांगतात. म्हणजे ५० किलो वजनाच्या आजीस ५० ग्रॅम; आणि एका अंड्यांत असतें सुमारें ६ ग्रॅम. चहांत बुडविलेला पाव हें जेवण नव्हे! ओल्या बोंबलाचें कालवण, दाट वरण, दही, उकडलेलें अंडें हीं दांत नसलेल्यांसहि खातां येतात. सुकी मासळी आपणां वसईकरांस प्रिय खरी, पण रक्तदाब असल्यास तिचें मीठ बाधतें. मूत्रपिंडाचा विकार असल्यास प्रथिनांविषयीं डॉक्टरांसच विचारावें. वृद्धांस तहान कळत नाहीं, म्हणून पाणी मागण्याची वाट पाहूं नये. कवळी सैल झाली, कीं पुष्कळ जण लाजेनें भाकरी टाळतात. सहा महिन्यांत वजन शेंकडा ५ हून अधिक घटलें, तर "वय झालें" म्हणून स्वस्थ बसूं नये.

आजाऱ्यांच्या भेटीस जातां झांकून ठेवलेलें, निवलेलें ताट आम्हीं पुष्कळ घरीं पाहिलें. अन्न भरपूर होतें, शेजारीं बसणारें कोणी नव्हतें. येथें सुनांकडे बोट दाखवूं नका. पुत्रांनो, आईच्या शेजारीं पाट मांडून बसण्यास स्वयंपाक यावा लागत नाहीं.

ती माता आतां काठी टेकीत चालते. यंदां राखेच्या बुधवारीं आम्ही मुद्दाम तिच्या घरीं जाऊन आलों. सारें ऐकून घेऊन तिनें विचारलें, "मग फादर, आज अंडें चालेल?"

"चालेल, मावशी," आम्ही म्हणालों, आणि तिच्या नातवानें चूल पेटविली.